वीरपित्याचा सॅल्यूट

सगळे बसले तरी ते उभेच असायचे.

सूत्रसंचालक म्हणायचा, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या," आणि लोक खुर्च्या सरकवत उठायचे. दोन मिनिटं नुसती म्हणायला. तुम्हीही असे कार्यक्रम पाहिले असतील. मौन सुरू झालं की कोणीतरी खाकरतं, कोणाचा तरी मोबाईल वाजतो, आणि सूत्रसंचालक "ओम शांती" म्हणून मोकळा होतो. लोक धपाधप बसतात. स्टेजवर मात्र पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा असा एक म्हातारा तसाच उभा. टोपी काढून डाव्या काखेत धरलेली, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, आणि उजवा हात वर जाऊन कानाशी थांबलेला. मग कोणीतरी सदरा ओढून त्यांना खाली बसवायचं. ते डोळे उघडायचे, हात खाली घ्यायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "कटला."

हे मी मिक्सरमागून पाहायचो. अमरावतीत माझी साऊंड सर्व्हिस आहे. लग्न, सभा, बारसं, पुण्यतिथी, जिथे चार माणसं जमतात तिथे माझे भोंगे. आमच्या धंद्यात भाषण ऐकायची सोय नसते. आवाज कुठे फाटतोय, कुठे शिट्टी मारतोय, सगळं ध्यान तिकडे. त्यामुळे कोण काय बोललं हे मला विचारू नका. पण या म्हाताऱ्याचा "कटला" माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट यायचा, कारण माइक त्यांच्याच पुढ्यात असायचा. पहिल्यांदा मला वाटलं, मुलाच्या दुःखानं माणूस जरा सरकला असेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा सीमेवरच्या एका चौकीत गोळीबारात गेला. अचलपूरकडचं लहानसं गाव. पहिला स्मृतिदिन गावातल्या शाळेच्या आवारात झाला. माझे दोनच बॉक्स होते, गावातलं भजनी मंडळ होतं, आणि शेवटी सगळ्यांना साखर-खोबरं वाटलं होतं. त्या दिवशीही मौन लवकरच उरकलं, पण निदान माणसं ओळखीची होती. दुसऱ्या वर्षीपासून कार्यक्रम सरांच्या हातात गेला.

सर म्हणजे अमरावतीत सैन्य आणि पोलीस भरतीची अकॅडमी चालवणारे सर. मुलगा भरतीच्या आधी काही महिने त्यांच्या मैदानावर पळायला जात होता. तेवढ्यावर तो कायमचा सरांचा झाला. स्मृतिदिन गावातून उचलून शहरात आणला. त्याची मॅरेथॉन झाली. मॅरेथॉनचे टी-शर्ट झाले, टी-शर्टच्या पाठीवर टाइल्सवाल्याचं, साडीवाल्याचं, प्लॉटवाल्याचं नाव आलं. प्लॉटवाल्यानं तर लेआऊटलाच मुलाचं नाव दिलं आणि खाली "बुकिंग सुरू" लिहिलं. मैदानाच्या फाटकाशी मुलाचा माणसाएवढा कटआऊट उभा करायचे. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत, आणि हातात सरबताचा ग्लास तसाच.

त्या म्हाताऱ्याला आम्ही काका म्हणायचो. काका या सगळ्याला यायचे. अमरावतीत असो, अकोल्यात असो, शाळेत असो की सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला. बोलावलं की हजर. शाल घ्यायचे, नारळ घ्यायचे, कोणाच्याही बाजूला फोटोला उभे राहायचे. काकू मात्र कधी आल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, बुढी म्हणते तुमी जा, मले नाई येनं.

मला त्यांचा रागच यायचा, खरं सांगतो. म्हणायचो, बाप आहे की वरातीतला घोडा? कोणीही लगाम धरावा आणि कुठेही उभं करावं?

त्यातच तो फोटो निघाला. अकॅडमीच्या फोटोग्राफरनं मौनात खालून काढलेला. डोळे मिटलेला बाप, मागे मुलाचं चित्र, आणि उजवा हात कानाशी. सरांनी त्यावर छापलं, "वीरपित्याचा सॅल्यूट". झालं! फ्लेक्सवर तो, पावतीवर तो, अकॅडमीच्या बसच्या पाठीवर तो. अकॅडमीतले पोट्टे आपसांत तस्साच सॅल्यूट मारू लागले, हात जरा खाली, कानाला टेकलेला. अकॅडमीची खूणच झाली ती. हा कसला सॅल्यूट, हे बघायला खरं तर सैन्यातला माणूस लागत नाही. पण हजार वेळा डोळ्यांसमोर आलेली गोष्ट कोण निरखून बघतो? मीही नाही बघितली.

खरं काय ते मला मूर्तिजापूरला कळलं.

अकोल्याला एका सराफाच्या दुकानात कार्यक्रम होता. काकांना आणायला एसी गाडी गेली होती, पण कार्यक्रम संपल्यावर ती गाडी कोणत्यातरी पाहुण्यांना घेऊन निघून गेली. काका शाल मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, चला काका, माझ्या मेटॅडोरमध्ये. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. उन्हं उतरली होती. मी सहज चेष्टेनं विचारलं, काका, हे दरवेळी "कटला" म्हणता ते काय कटतं?

त्यांनी चहा बशीत ओतला, प्याले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "फोन, राजा."

मग हळूहळू सांगितलं. चौकीवर फोन एकच, आणि त्याला पोरांची ही रांग. ज्याचा नंबर लागेल त्यानं झटपट बोलायचं आणि मागच्याला द्यायचा. मुलगा घरी फोन करी तेव्हा आधी आई घेई, मग बाप. बापाच्या वाट्याला दोन मिनिटंही नीट येत नसत. त्यामुळे काय बोलायचं ते काका आठवडाभर मनात लावून ठेवायचे. आधी तब्येत. मग आईच्या गुडघ्याचं. मग म्हशीचं. मग गावात कोणाचं लग्न ठरलं ते. आणि शेवटी झाडांचं. मुलानं शेवटच्या सुट्टीत वावरात संत्र्याची कलमं लावली होती, स्वतः खड्डे खणून. दर फोनला त्याचा प्रश्न ठरलेला, बाबा, झाडं कशी हायेत?

त्या उन्हाळ्यात काका अकोल्याला नात्यातल्या लग्नाला गेले. नळ्या साफ करायला ठिबकचा कॉक बंद केला होता, तो निघायच्या घाईत परत उघडायला विसरले. लग्नात चार दिवस जास्तच रमले. येऊन बघतात तर सगळी कलमं वाळलेली.

"अन् त्याच हप्त्यात त्याचा फोन आला. इचारलं, झाडं कशी हायेत? मी म्हटलं, मस्त हायेत लेका, हिरवीगार. लगेच वाटलं, हे काय बोललो आपन? खरं सांगाले तोंड उघडलं, अन् लाइन कटली."

पुढचा फोन आला तो मुलाचा नव्हता.

बापानं पोराला सांगितलेला शेवटचा शब्द खोटा निघाला, हे काकांच्या जिवाला लागलं होतं. तिरडीशी तरी खरं सांगावं म्हटलं, तर गावात घोषणांचा एवढा गदारोळ, की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. पेटी घेऊन आलेले जवान ती उघडायची नाही म्हणाले. मग तेराव्यानंतर शाळेतल्या एका सभेत सगळे गुमान उभे राहिले, आणि त्या शांततेत काकांना वाटलं, लागली लाइन. हात आपोआप कानाशी गेला.

मी म्हटलं, "काका, मग घरी बोला. वावरात बोला. एवढी शांतता आहे तिथं."

"तथी लाइन नाई लागत. सगळे त्याच्यासाठी उभे रायले म्हंजे लागते."

"मग झाडांचंच आधी सांगून टाका की."

मी काही अडाण्यासारखं बोललो असं ते माझ्याकडे बघू लागले. "असं एकदम कसं सांगतात? पहिले तब्येत इचारा लागते. मायचं सांगा लागते. पोरगा घरापासून दूर हाये, त्याले एकदम वाईट खबर देतात का कोनी?"

मी चहाचे पैसे दिले आणि मेटॅडोर सुरू केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी उगाच ट्रकवाल्यांना शिव्या देत होतो.

त्या दिवसापासून मी माझ्या परीनं लबाडी सुरू केली. मौन संपवायची खूण म्हणजे पुढचं देशभक्तीचं गाणं. सूत्रसंचालकानं बोट हलवलं की मी टेबलाखाली वाकायचो. पेनड्राइव्ह चालत नाही, वायर ढिली आहे, काहीही. सूत्रसंचालक तिकडून डोळे वटारायचा. मी तोंड वाकडं करून वायरी चाचपत बसायचो. लोक मात्र गाणं लागत नाही म्हणून अवघडून उभे. तेवढाच काकांना वेळ मिळायचा. उतरल्यावर ते माझ्यापाशी येऊन हळूच सांगायचे, "आज बुढीच्या गुडघ्यापर्यंत पोचलो." एकदा तर खूश होऊन म्हणाले, "आज म्हैस झाली. लग्न अन् झाडं रायलीत फक्त."

आम्ही दोघं एखादी मोठी चोरी केल्यासारखे हसायचो. तेवढेच बरे दिवस.

कारण पुढे सरांनी एलईडी स्क्रीन आणली. कार्यक्रम मोबाईलवर थेट दिसू लागला, आणि सरांच्या लक्षात आलं की मौन सुरू झालं की बघणारे पटापट निघून जातात. मग मौनाला मुलाचा फोटो आला, फोटोवर पाकळ्या पडू लागल्या, खाली सराफाचं नाव सरकू लागलं. सूत्रसंचालक उभं राहायला सांगायच्या आधी वाचू लागला, "आजच्या श्रद्धांजलीचे सौजन्य..." गाणंही आता माझ्या हातात नव्हतं, स्क्रीनवाल्याच्या लॅपटॉपमध्ये होतं. लोक नीट उभे राहायच्या आत ते वाजायचं. काका पुन्हा तब्येतीवरच अडकले. कधी कधी तर नुसता हात कानाशी जायचा, आणि ओठ उघडायच्या आत "कटला".

मी सरांकडे गेलो. म्हटलं, सर, म्हाताऱ्याची एवढीच हौस आहे, मौन तेवढं पुरं होऊ द्या. फोनचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही व्हिडिओ केला असता. सर म्हणाले, बघतो. आणि खरंच, पुढच्या स्मृतिदिनाला त्यांनी फ्लेक्स लावले, "विदर्भातील सर्वात भव्य सामूहिक मौन". पूर्ण दोन मिनिटं. मैदानात पाय ठेवायला जागा नाही इतके पोट्टे, सगळ्यांचा हात कानाशी टेकलेला, वीरपित्याचा सॅल्यूट. तालीम घेतली होती.

मी काकांना फोन करून सांगितलं. ते नवीन टोपी घालून आले. दाढी घोटलेली. स्टेजवर चढण्यापूर्वी माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, आज झाडापर्यंत जातो, राजा. मी म्हटलं, घाई करू नका, आज भरपूर वेळ आहे.

मौन सुरू झालं. खरंच सुरू झालं. एवढी माणसं, आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. मी सगळे स्लायडर खाली घेऊन हात मांडीवर ठेवले. काकांनी डोळे मिटले, हात कानाशी नेला, ओठ हलू लागले. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होतो. तब्येत झाली असेल. गुडघे झाले असतील. म्हैस झाली असेल.

आणि वरून ड्रोन आला. कॅमेरा लावलेला. घरघर करत सगळ्या मैदानावरून फिरला आणि काकांच्या डोक्यापुढे येऊन थांबला. वाऱ्यानं त्यांचा दुपट्टा उडू लागला. त्यांनी डोळे उघडले, हात खाली आला. स्टेजखालचा कॅमेरावाला दबक्या आवाजात म्हणाला, "काका, हात वर." ते त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा म्हणाला, "काका, सॅल्यूट! हात वर, हात वर!" त्या शांततेत ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

काकांनी हात वर केला. कानाशी नाही, कपाळाशी. ताठ, सैन्यात मारतात तसा. तोंड मिटलेलं. उरलेलं मौन ते तसेच उभे राहिले आणि संपल्यावर सगळ्यांच्या बरोबर खाली बसले.

मी वाट बघत होतो. हेडफोन कानाला दाबून धरला होता. पण त्या दिवशी "कटला" आलंच नाही.

खाली उतरल्यावर मी विचारायचं टाळलं. त्यांनीच सांगितलं, "लग्न सांगून झालतं. झाडाचं नाव तोंडात आलतं." मग म्हणाले, "आता नाई लागत लाइन. त्यायच्या हातात गेली."

पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत ते तसाच कडक सॅल्यूट मारत. ओठ हलत नसत. सर मला एकदा म्हणाले, काका आता एकदम परफेक्ट झाले. मला वाटलं, हातातली माइकची दांडी याच्या टाळक्यात घालावी. घातली नाही. पुढच्या महिन्याचं सरांचं काम माझ्याकडेच होतं.

त्या हिवाळ्यात काका गेले. जेवायला उठलेच नाहीत, झोपेतच. मला ते अकॅडमीच्या मेसेजवरून कळलं. तोच फोटो, कानाशी हात, वर "वीरपिता अनंतात विलीन" आणि खाली "नवीन बॅचचे प्रवेश सुरू".

यंदाच्या स्मृतिदिनाला सरांनी काकूंना आणलं. स्टेजवर बाप नाही तर आई तरी पाहिजे, नाहीतर शाल द्यायची कोणाला? हिरव्या लुगड्यातली सुकलेली बाई. मौनाला सगळे उठले, त्या उठल्या नाहीत. कॅमेरावाल्यानं खूण केली, सूत्रसंचालकानं त्यांचा हात धरून वर नेला. त्यांनी तो काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. गाणं वाजलं, लोक बसले. सगळेच बसले. इतकी वर्षं मिक्सरमागून मी त्या एका उभ्या माणसाकडे बघत आलो होतो. त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं.

नंतर मैदान रिकामं झालं. मी वायरी गुंडाळत होतो, आणि काकू गाडीची वाट बघत माझ्या एका बॉक्सवर येऊन बसल्या. मी ओळख सांगितली. म्हणाल्या, माहीत हाये, माइकवाले भाऊ, बुढा सांगत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, तेवढं झाडाचं सांगायचं राहूनच गेलं हो काकांचं.

त्यांनी फाटकाकडे मान वळवली. तिकडे मुलाचा कटआऊट आडवा करून टेम्पोत भरत होते.

"पोराले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "फोन पहिले माह्याच हातात आलता. बुढा गोठ्यात होता. मी सांगून टाकलं, बाबानं तुही झाडं मारली. तो हसला. म्हने, थांब, बाबाले इचारतो, काय सांगतात पायतो."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. इतकी वर्षं! एका शब्दानं त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. मला त्या बाईचा असा संताप आला की आवाज चढला. म्हटलं, मग त्यांना सांगितलं का नाही तुम्ही?

"सांगनार होती. पोरगा गेल्यावर हा मानूस भिताडाकडं तोंड करून पडला होता. जेवे ना, बोले ना. मंग एक दिवस शाळेतून आला अन् म्हने, लाइन लागली, अर्धच बोलनं झालं, उद्या पुरं करतो. अन् भाकर मांगली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते सांगनं रायलं होतं म्हून उठत होता तो. मी सांगून ते सरवून टाकलं असतं, तं त्याच्याजवळ काय रायलं असतं?"

माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी खाली बसलो. गाडी आली, सरांच्या माणसानं लांबूनच हाक मारली. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, शाल बॉक्सवरच राहिली. दोन पावलं जाऊन परत वळल्या.

"आता मले बुढ्याले सांगाचं हाये, पोरगा हसला होता म्हून," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, बुढ्यासाठी कोन उभं रायते?"

मी शाल उचलून त्यांच्या हातात दिली. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.